शेण, क्लोरीन आणि आमचे हात



या अंकासाठी संपादकानं कविता मागितली होती. देत नाही. कोंबडीवर लिहितोय. कारखान्यात कोंबडी कापताना तिच्या मांसाला जे जंतू लागतात ते कमी कसे करायचे, यावर. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढं जागा नाही.

झालं असं. माझी धाकटी बहीण हायवेकडेच्या एका कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला होती. आतडी काढायच्या टेबलावर. ठेकेदाराची माणूस, रोजंदारीवर. गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. तपासणीत साल्मोनेला निघाला होता. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मॅनेजरनं आतड्याच्या टेबलावरच्या चौदा बायका भिंतीला ओळीनं उभ्या केल्या. हात पुढं करा म्हणाला. नखं बघितली. मग विचारलं, राहता कुठं? चौदांतल्या अकराजणींनी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसता म्हणाला, "तरीच."

दुसऱ्या दिवसापासून त्या अकराजणी घरी.

तरीच! एवढा एक शब्द. अख्खी मनुस्मृती त्यात मावते. जंतू कुठून आला, कोणत्या टाकीतून आला, किती वाजता आला, काही विचारायचं कारण नाही. वस्तीचं नाव कळलं, उत्तर मिळालं. तपासणीची प्रयोगशाळा कशाला ठेवता मग? गावचा जोशी बसवा की तिथं!

त्या रात्री बहीण जेवली नाही. न्हाणीत जाऊन हात घासत बसली. आई म्हणाली, अगं साल निघंल. ते बघून माझ्या डोक्यात काही तरी तुटलं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो, तिसरी पाळी. दहावी नापास. पण डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची सवय लावून घेतलीय. दोन महिने कविता बाजूला ठेवली आणि कोंबडीच वाचली. जे कळलं ते तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन मुख्य जंतू. दोन्ही राहतात कोंबडीच्या आतड्यात. बहुतेक वेळा कोंबडीला काहीच होत नाही, ती टुणटुणीत असते. तिच्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये कॅम्पिलोबॅक्टर लाखांनी, कधी कधी कोट्यांनी असू शकतात. माणसाला जुलाब व्हायला त्यातले काहीशे पुरतात. म्हणजे जंतू कारखान्यात येतो तो ट्रकमधून, पिंजऱ्यातून, पिसांना लागलेल्या घाणीतून आणि आतड्यातून येतो. आमच्या वस्तीतून चालत येत नाही. त्याला एसटीचा पास नसतो.

साल्मोनेला हे नाव कुठून आलं माहीत आहे? अमेरिकेत १८८५ च्या सुमाराला थिओबाल्ड स्मिथ नावाच्या हाताखालच्या माणसानं तो जंतू वेगळा काढला. नाव लागलं ते साहेबाचं, डॅनियल सॅल्मनचं. काम कुणाचं आणि नाव कुणाचं, हे जंतूच्या बारशापासूनच ठरलेलं.

आता हातांचं बोलू. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथं बाळंतिणींचे दोन वॉर्ड. एक डॉक्टरांचा, एक सुईणींचा. डॉक्टरांच्या वॉर्डात बायका जास्त मरायच्या. का? कारण डॉक्टर मुडदे चिरून तसेच बाळंतिणीकडं यायचे. सेमेलवाइसनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावलं आणि मरण घटलं. पण कितीतरी बड्या डॉक्टरांना ते मानवलं नाही. आमचे हात आणि घाण? सभ्य माणसाचा हात घाण असूच शकत नाही! सुईणीचा हात मात्र घाण असायलाच पाहिजे. बघा, तिथं आपली जात नव्हती. तरी 'तरीच' होतंच.

आणि आपल्याकडं? १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात झाली होती. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी आणि आपल्या आज्या-पणज्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं म्हणे. मग त्याचं शुद्धीकरण झालं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. मंत्र म्हटले. तळं शुद्ध!

कोंबडीचं मांस बिघडतं कशानं? विष्ठेनं. पाणी बिघडतं कशानं? विष्ठेनं. जगभरचा नियम एकच, आतड्यातलं बाहेर आलेलं खाण्यापिण्याला लागू देऊ नका. आणि ह्यांनी माणसाचा हात लागला म्हणून पाण्यात शेण ओतलं. ज्यांचे पूर्वज शेणानं पाणी शुद्ध करत होते, त्यांनी माझ्या बहिणीची नखं तपासायची! सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे, हे महाडच्या तळ्यानं कधीच सांगून ठेवलंय. आपण ते वाचलं नाही.

आता कारखान्यात चला. बहिणीला रोज रात्री विचारून विचारून मी अख्खी साखळी वहीत काढली. एकेक ठिकाण सांगतो. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, इथला निर्णय कुणाचा?

ट्रक येतो. कापायच्या आधी आठ ते बारा तास पाखरांचं खाद्य बंद ठेवायचं असतं, पाणी चालू. म्हणजे आतडं रिकामं होतं. खाद्य उशिरा बंद केलं तर आतडं भरलेलं, सुरी लागली की फुटतं. फार लवकर केलं तर आतड्याचं अस्तर नाजूक होतं, ओढलं की फाटतं. बहीण म्हणाली, "दादा, कंदी कंदी पोटात दाणं तसंच असत्यात." हा हिशोब शेडवाल्याचा आणि गाडी पाठवणाऱ्याचा. टेबलावरच्या बाईचा नाही.

मग रक्त काढून पाखरू गरम पाण्याच्या टाकीत. पिसं सैल व्हायला. पाणी ५०-५४ अंशावर ठेवलं तर कातडी पिवळी राहते, दिसायला छान, पण जंतू तग धरतात. ६० च्या आसपास जास्त मरतात. त्यातून ह्या पाण्यात शेकड्यांनी पाखरं बुडतात, पिसांची घाण, विष्ठा सगळं त्यात. म्हणून ताजं पाणी सारखं आलं पाहिजे आणि पाखरांच्या उलट दिशेनं वाहिलं पाहिजे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाखराला शेवटी स्वच्छ पाणी लागतं. बहीण काय म्हणाली? "टाकीतलं पाणी सकाळपासनं बदललंच न्हाई. आमटीगत झालंतं." पाणी वाचवलं कुणी? डिझेल वाचवलं कुणी?

मग पिसं काढायचं मशीन. त्यात रबरी बोटं गरगर फिरतात, पाखराला बडवतात. त्या बडवण्यानं पोटातली विष्ठा बाहेर येते आणि पुढच्या पाखरावर उडते. रबराला चिरा पडल्या की चिरांत जंतू बसतो. बोटं वेळेवर बदलायची असतात. बदलली कधी, कुणालाच आठवत नाही.

मग आतड्याचं टेबल. इथं माझी बहीण. इथं आतडं फुटलं तर मांस बरबटतं, खरं आहे. हातानं आणि सुरीनं एका पाखराची घाण दुसऱ्याला लागते, तेही खरं. मी खोटं बोलणार नाही. पण त्यासाठी काय लागतं? दोन सुऱ्या लागतात, एक हातात आणि एक ८२ अंशाच्या पाण्यात बुडवलेली, आलटून पालटून. हाताशी नळ लागतो. साबण लागतो. आणि वेळ लागतो. चौदा बायकांत नळ एकच, तोही टेबलाच्या टोकाला. सुरी प्रत्येकी एक. हातमोजा दिला होता म्हणे. मोजा घातला की हात स्वच्छ झाला काय? मोज्यालाही तीच विष्ठा लागते, फक्त बाईला ती कळत नाही.

वेळेचं तर विचारूच नका. सणाच्या तोंडावर साखळीचा वेग वाढवला. दोस्तहो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या गिरणीत स्पिंडलचा वेग वाढवला की धागा जास्त तुटतो. पोरगं दोन्ही बाजूंनी पळत पळत धागा जोडतं, एक जोडेपर्यंत तिकडं चार तुटतात. मग जॉबर येतो आणि म्हणतो, तुझ्या हाताला काय रोग झालाय? वेग साहेबाचा, रोग माझ्या हाताचा. तिथं धागा तुटतो, इथं आतडं तुटतं. गणित तेच.

शेवटी धुणं आणि थंड करणं. मांस लवकरात लवकर ४ अंशाच्या आसपास आणायचं. अनुकूल उष्णतेत साल्मोनेला अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. अर्धा तास धरला तरी पाच तासांत एकाचे हजारावर जातात. थंडाव्यात हे थांबतं. पण चिलर बंद ठेवून बिल वाचवणारा कोण, ते मॅनेजरच्या पगारपत्रकात बघा.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, शेवटी औषध मारलं की झालं. अमेरिकेत तसंच करत आले. थंड पाण्यात ५० पीपीएमपर्यंत क्लोरीन, पुढं पेरअॅसिटिक अॅसिड. युरोपनं १९९७ पासून असं धुतलेलं मांस घेणं बंद केलं. त्यांचं म्हणणं, शेवटी औषध ओतायची सवय लागली की आधीची घाण कुणी थांबवत नाही. क्लोरीन वाईट नाही. पाणी त्यानंच पिण्याजोगं केलं, लाखो पोरं वाचवली. पण रक्त, चरबी, विष्ठा मिसळलेल्या पाण्यात क्लोरीन तिथंच खर्ची पडतो, जंतूपर्यंत पोचत नाही. घाण आधी थांबवली असेल तरच औषध चालतं. नाही तर त्या १०८ घागरींत आणि ह्या क्लोरीनमध्ये फरक एवढाच, की ह्याला वास वेगळा येतो.

त्याच अमेरिकेत २०१४ साली नवा नियम आला. साखळीचा वेग मिनिटाला १४० पाखरांपर्यंत. सेकंदाला दोनाच्या वर. २०१८ पासून काही कारखान्यांना १७५ पर्यंत परवानगी मिळाली. आणि २०१६ साली ऑक्सफॅम अमेरिकेनं अहवाल काढला, की कोंबडी कारखान्यातल्या कामगारांना संडासला सोडत नाहीत, काही जण डायपर घालून उभे राहतात. तिथं उभे कोण? काळे, मेक्सिकोकडून आलेले, निर्वासित. जिथं बाईला संडासला जायला वेळ नाही तिथं तिला हात धुवायला वेळ कुठून? आणि तिथंही मांस बाधलं की पहिलं बोट त्यांच्याच हाताकडं. पॅंथरचं नाव आपण त्यांच्याकडून घेतलं. तिकडच्या कोंबडी कारखान्यात काय चाललंय हेही घ्या.

जंतू हा काही नशिबाचा भोग नाही. स्वीडनमध्ये १९५३ साली अल्वेस्टाच्या कत्तलखान्यातल्या मांसानं नऊ हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, नव्वदाच्या आसपास मेली. त्यांनी कापणाऱ्यांची वस्ती विचारली नाही. १९६१ साली कायदा केला. पुढं खाद्यापासून तपासणी, शेडमध्ये तपासणी, कळपात साल्मोनेला सापडला की तो कळप माणसाच्या ताटात येऊ द्यायचा नाही. आज तिथल्या कोंबडीत साल्मोनेला जवळपास सापडत नाही. थांबवायचं ठरवलं तर थांबतो. प्रश्न खर्चाचा आहे आणि खर्च कुणी करायचा याचा.

इथपर्यंत मालकाशी भांडलो. आता आपसातलं.

आपल्यातले काही कवी (मीही त्यातलाच) घाणीवर फार लिहितात. रक्त, हाडं, कातडं, गटार. एका काळी ते लिहिणं गरजेचं होतं, कारण ती घाण कुणी पानावर येऊच देत नव्हतं. पण आता मी ओळीत 'आतडी' लिहितो, टाळी मिळते आणि मी घरी येतो. बहीण घरी येते ती खरी आतडी उपसून. पाणी किती अंशाला हवं हे माझ्या एकाही कवितेत नाही. घाण ही आपली ओळख नव्हे, ती आपल्यावर लादलेली कामाची परिस्थिती आहे. तिची पूजा बांधू नका.

दुसरे म्हणतात, हे कामच सोडा. बाबासाहेबांनी १९२७ सालीच मेलेली ढोरं ओढणं, मढ्याचं मांस खाणं सोडायला सांगितलं. सांगितलं, आणि आपल्या लोकांनी सोडलं, उपाशी राहून सोडलं. पण ती गावकीची वेठ होती, जन्मानं गळ्यात मारलेली. कारखान्यात बहीण मजुरीवर जाते. तिथं तिला हक्क मागता येतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानं प्यायचं पाणी, संडास, हातपाय धुवायची सोय मालकावर टाकली होती. २०२० साली संसदेनं त्या तरतुदी नव्या संहितेत गुंडाळल्या. कायद्याचं नाव बदललं म्हणून नळ मागायचा हक्क मेला नाही. आणि बघा, तेच काम पांढरा कोट घालून, काचेच्या नळीत मांस घालून केलं की त्याला शास्त्र म्हणतात, पगार महिन्याचा. सुरी घेऊन केलं की घाण काम, पगार रोजाचा. ज्ञान आपल्या बाजूला ओढलं तर हे उलटवता येतं.

म्हणून 'शिका' हा शब्द नुसता भिंतीवर रंगवू नका. आपल्या चौकातल्या चिकन सेंटरपासून सुरू करा. तिथं आपलीच पोरं उभी असतात. एकच गरम पाण्याचं पातेलं, एकच ओंडका, एकच फडकं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. डोळ्यासमोर कापलं म्हणजे स्वच्छ, असं गिऱ्हाईक समजतं. ताजं असणं वेगळं, स्वच्छ असणं वेगळं. पातेलं दिवसातून चार वेळा बदला, ओंडका घासून उकळतं पाणी ओता, फडकं फेका, मांस बर्फावर ठेवा. घरी आयाबहिणींना सांगा, चिकन नळाखाली धुऊ नका, पाणी उडून जंतू ओट्यावर जातात. ज्या विळीवर चिकन कापलं ती साबणानं धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा चिरू नका. आतून ७४ अंशापर्यंत शिजलं की जंतू मरतो. माझ्या आईनं हे ऐकून मला वेड्यात काढलं. पण विळी आता दोन आहेत.

आणि कारखान्याच्या गेटवर मागायचं ते असं :

१. ट्रकमधल्या पाखरांचं खाद्य किती वाजता बंद केलं ते लिहिलेला कागद.
२. गरम टाकीला थर्मामीटर, दर तासाची नोंद, कामगाराला दिसेल अशी.
३. रबरी बोटं कधी बदलली त्याची तारीख.
४. साखळी थांबवायचं बटण टेबलावरच्या बाईच्या हाताशी. तिनं थांबवली म्हणून दंड नाही.
५. प्रत्येकीला दोन सुऱ्या, ८२ अंशाचं पाणी, हाताशी नळ आणि साबण.
६. संडासला जायला परवानगी मागावी लागता कामा नये. परत येताना हात धुवायला वेळ.
७. जुलाब झालेल्या बाईला पगारी रजा. रोज बुडतो म्हणून ती आजारी येते, आणि मग तुम्हीच तिला दोष देता.
८. मांस किती वेळात ४ अंशावर आलं त्याची नोंद.

ह्यातली एकही मागणी फक्त आमच्यासाठी नाही. हॉटेलात ते चिकन खाणाऱ्या मॅनेजरच्या पोरासाठीही आहे.

अकरांतल्या आठजणींना महिन्याभरानं परत घेतलं. एका कागदावर सही घेऊन. 'माझ्या अस्वच्छतेमुळे मालाचे नुकसान झाले.' तिघींनी सही केली नाही. त्यातली एक माझी बहीण. सही करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्या चुली मी चालवत नाही. त्यातल्या दोघी आता रात्री आमच्या ओसरीवर येतात. टाकीचं पाणी दुपारपर्यंत कसं झालं होतं ते सांगतात, बहीण वहीत लिहून घेते. परवा आम्ही पाचजणांनी वर्गणी काढून एक थर्मामीटर आणला. आधी चहात बुडवून बघितला. मग त्या दोघींतली एक तो पदरात बांधून घेऊन गेली.

पहिला आकडा आला आहे. ४६.

रविवारी सकाळी दहाला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात बसायचं आहे. वही तिथं वाचून दाखवणार. ज्यांना कविता वाचायची त्यांनी नंतर वाचावी.

जयभीम.